ताऱ्यांच्या वेगावरून आणि प्रकाशाच्या वाकण्यावरून एकाच दीर्घिकेचे वस्तुमान: ही पडताळणी आहे की चक्राकार युक्तिवाद?

नवनिरीक्षक (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी व्यवसायाने अभियंता आहे, खगोलशास्त्राचा अभ्यासक नाही. त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास सांभाळून घ्यावे.

नरतुरंग तारकासमूहात ईएसओ ३२५-जी००४ या नावाची एक लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे. ती आपल्यापासून सुमारे ४५ ते ५० कोटी प्रकाशवर्षे दूर असून तिच्या बरोबर मागे, कितीतरी अधिक अंतरावर, दुसरी एक दीर्घिका आहे. पुढच्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणामुळे मागच्या दीर्घिकेचा प्रकाश वाकतो आणि आपल्याला तिचे जवळजवळ पूर्ण वलय दिसते. ब्रिटनमधील पोर्ट्समथ विद्यापीठाचे थॉमस कोलेट आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली या दीर्घिकेचे वस्तुमान दोन वाटांनी काढले. पहिली वाट तिच्यातील ताऱ्यांच्या वेगांची आणि दुसरी त्या वलयाच्या आकाराची. दोन्ही उत्तरे जुळली, आणि त्यावरून आइनस्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धांत दीर्घिकेच्या पातळीवरही खरा ठरला, असा निष्कर्ष मांडण्यात आला. गॅमा नावाच्या एका राशीचे मूल्य ०.९७ आले, त्यात कमी-अधिक ०.०९ इतकी अनिश्चितता होती, आणि सिद्धांताप्रमाणे ते १ असायला हवे होते.

माझी अडचण अशी आहे. ताऱ्यांच्या वेगावरून वस्तुमान काढताना आपण गुरुत्वाकर्षणाचा नियम गृहीत धरतो, आणि प्रकाशाच्या वाकण्यावरून वस्तुमान काढतानाही तोच नियम गृहीत धरतो. एकाच दुकानदाराच्या दोन काट्यांवर तेच पोते चढवले आणि दोन्हीकडे सारखाच आकडा आला, तर तेवढ्यावरून दुकानदार प्रामाणिक ठरत नाही, कारण दोन्ही काट्यांची वजने त्याच्याच घरची असू शकतात. दुसरे असे की दीर्घिकेत कृष्णद्रव्यही असते आणि ते दिसत नाही. मग आकडे जुळेपर्यंत हवे तेवढे कृष्णद्रव्य घालता येणार नाही का? ही पडताळणी नेमकी कशाची झाली, हे कोणी समजावून सांगेल का?

पुनर्वसू

आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर काट्यांच्या भाषेतच देता येईल. फक्त आपल्या उदाहरणात एक बदल करावा लागेल. दुकानात एक काटा तराजूचा आहे आणि दुसरा स्प्रिंगचा, असे समजा. पृथ्वीवर दोघेही पोत्याचा एकच आकडा दाखवतील. तेच दुकान चंद्रावर नेले तर तराजू पूर्वीचाच आकडा दाखवील, स्प्रिंगचा काटा मात्र सहावा हिस्सा दाखवील. पोते बदललेले नाही आणि काटेही खोटे नाहीत, पण दोन काटे वेगवेगळ्या गोष्टींना प्रतिसाद देत असल्यामुळे त्यांच्या आकड्यांतील फरकातून आपण कोठे उभे आहोत हे कळते. तारे आणि प्रकाश हे असे दोन वेगळ्या जातींचे काटे आहेत.

व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार वस्तुमानामुळे दोन गोष्टी घडतात. वस्तुमानाजवळ काळ मंदावतो आणि वस्तुमानाभोवतीचे अवकाश वक्र होते. न्यूटनचे गुरुत्वाकर्षण म्हणून ज्याची आपल्याला सवय आहे, ते जवळजवळ संपूर्णपणे काळाच्या मंदावण्यातून उपजते. अवकाशाच्या वक्रतेचा वाटा वस्तूच्या वेगावर अवलंबून असतो, आणि वस्तूचा वेग प्रकाशवेगाच्या जितका हिस्सा असेल त्याच्या वर्गाइतकाच तो वाटा असतो. या दीर्घिकेतील तारे सेकंदाला सुमारे तीनशे किलोमीटर, म्हणजे प्रकाशवेगाच्या हजाराव्या हिश्श्याने फिरतात. म्हणून त्यांच्या गतीत अवकाशाच्या वक्रतेचा वाटा साधारण दहा लाखांत एक एवढाच येतो. कोणत्याही मोजमापात तो सापडणार नाही. ताऱ्यांना, व्यवहारात, अवकाश वक्र आहे की सपाट याचा पत्ताच नसतो.

प्रकाशाचे तसे नाही. तो स्वतःच प्रकाशवेगाने जात असल्यामुळे त्याच्या वाकण्यात दोन्ही परिणामांचा वाटा निम्मा-निम्मा असतो. सूर्याच्या कडेला घासून येणारा ताऱ्याचा प्रकाश केवळ पहिल्या परिणामामुळे ०.८७ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) वाकला असता, तर दोन्ही मिळून तो १.७५ विकला वाकतो. १९१९ सालच्या खग्रास ग्रहणात ब्राझीलमधील सोब्राल आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचे प्रिन्सिपे बेट येथून घेतलेल्या छायाचित्रांत याच दोन आकड्यांपैकी खरा कोणता, हा प्रश्न होता.

गॅमा या राशीचा अर्थ आता सांगता येईल. दिलेल्या वस्तुमानामुळे काळावर जेवढा परिणाम होतो, त्याच्या तुलनेत अवकाश किती वक्र होते, याचे ते गुणोत्तर आहे. आइनस्टाइनच्या सिद्धांतात ते नेमके १ असते, आणि अवकाश मुळीच वक्र होत नसेल तर शून्य. ताऱ्यांच्या वेगावरून काढलेल्या वस्तुमानात गॅमा कोठेही येत नाही. प्रकाशाचे वाकणे मात्र (१ + गॅमा) भागिले २ या प्रमाणात बदलते. म्हणजे ताऱ्यांच्या गणितात आपण न्यूटनचा नियम गृहीत धरतो हे खरे, पण ज्या गोष्टीची परीक्षा घ्यायची, म्हणजे अवकाशाची वक्रता, ती तेथे गृहीत धरलेलीच नसते. त्यामुळे युक्तिवाद चक्राकार होत नाही.

कृष्णद्रव्याविषयीची शंकाही यातच सुटते. कृष्णद्रव्य ताऱ्यांनाही ओढते आणि प्रकाशालाही वाकवते. ते हवे तेवढे घाला, पण घातले की दोन्ही काटे एकदमच हलतात. एकाच काट्याला हलवील असे द्रव्य घालण्याची सोय नाही.

मघा

पुनर्वसू यांनी सिद्धांताची बाजू नेमकी मांडली आहे. प्रत्यक्ष मोजमाप कसे होते याविषयी थोडे लिहिते, कारण "ताऱ्यांचे वेग मोजले" या तीन शब्दांत बरेच काही दडलेले आहे.

इतक्या अंतरावरचा एकही तारा वेगळा दिसत नाही. दिसतो तो कोट्यवधी ताऱ्यांचा एकवटलेला प्रकाश. त्यांपैकी काही तारे आपल्याकडे येत असतात, काही दूर जात असतात, आणि डॉप्लर परिणामामुळे प्रत्येकाच्या वर्णपटातील काळ्या रेषा थोड्या इकडे किंवा तिकडे सरकतात. सगळे वर्णपट एकमेकांवर पडले की मूळची बारीक रेषा फुगून पसरट होते. मॅग्नेशियमच्या ५१७ नॅनोमीटरच्या आसपासच्या रेषा घेतल्या, तर सेकंदाला ३३० किलोमीटर या वेगाला त्यांचे सरकणे अर्ध्या नॅनोमीटरहून थोडे अधिक येते. रेषेच्या या पसरटपणावरून वेगांचे विखुरण, म्हणजे सरासरीभोवती वेग किती पसरलेले आहेत तो आकडा मिळतो. त्याला सिग्मा म्हणतात. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत तारे एका चकतीत शिस्तीने फिरत नाहीत, मोहोळाभोवतीच्या माश्यांसारखे सर्व दिशांनी फिरतात, त्यामुळे तेथे परिभ्रमणाच्या वेगापेक्षा हे विखुरणच मोलाचे ठरते.

ईएसओ ३२५-जी००४ साठी हे काम चिलीतील पारानाल येथे, ८.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर बसवलेल्या म्यूज नावाच्या उपकरणाने केले. हे उपकरण आकाशाच्या एक कला बाय एक कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) एवढ्या तुकड्यातून एका वेळी सुमारे नव्वद हजार वर्णपट घेते. म्हणून संपूर्ण दीर्घिकेचा एकच आकडा न मिळता केंद्रापासून बाहेरपर्यंत सिग्मा कसा बदलत जातो याचा नकाशाच हाती येतो. हा नकाशा किती महत्त्वाचा आहे ते पुढे लक्षात येईल.

वलयाची बाजू हबल दुर्बिणीची. हे वलय तिच्याच छायाचित्रांत २००५ साली लक्षात आले, तेही सहजासहजी नव्हे, कारण पुढच्या दीर्घिकेच्या प्रखर उजेडात ते बुडालेले असते. त्या उजेडाचे गुळगुळीत प्रतिमान तयार करून ते छायाचित्रातून वजा केले की खालचे कंस वर येतात. वलयाची त्रिज्या २.९५ विकला आहे. मागच्या दीर्घिकेची ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे तिच्या प्रकाशाची तरंगलांबी ज्या प्रमाणात ताणली गेली तो आकडा, सुमारे २.१ आहे, म्हणजे तो प्रकाश निघून एक हजार कोटींहून अधिक वर्षे झाली. पुढच्या दीर्घिकेच्या अंतरावर २.९५ विकला म्हणजे सुमारे ६,७०० प्रकाशवर्षे. वलय दीर्घिकेच्या अगदी गाभ्यात पडते, आणि तेथे वस्तुमानाचा मोठा भाग ताऱ्यांचाच असतो.

आता एक खाचखळगा, ज्यात मी स्वतः विद्यार्थिदशेत पडले होते. वलयाच्या त्रिज्येवरून मिळणारे वस्तुमान सुमारे पंधरा ते सोळा हजार कोटी सूर्यांएवढे येते. सिग्मा सेकंदाला ३२५ किलोमीटर धरून, त्याच त्रिज्येच्या आतले वस्तुमान साध्या प्रतिमानाने काढले तर ते सुमारे दहा हजार कोटी सूर्यांएवढेच भरते. पहिल्यांदा वाटते की सिद्धांत कोसळला! प्रत्यक्षात हे दोन आकडे वेगवेगळ्या आकारमानांचे आहेत. ताऱ्याला त्याच्या कक्षेच्या आतल्या गोलातले वस्तुमान जाणवते. प्रकाशकिरण मात्र दीर्घिकेच्या आरपार जात असल्यामुळे त्याला आपल्या दृष्टिरेषेच्या दिशेने पसरलेल्या लांबच लांब दंडगोलातले सगळे वस्तुमान जाणवते, गोलाच्या पुढचे आणि मागचेसुद्धा. घनता केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असेल, तर दंडगोलातले वस्तुमान गोलातल्याच्या १.५७ पट असते. दहा हजार कोटींना १.५७ ने गुणून पाहा.

तिरकस

चर्चा फार गोड चालली आहे, म्हणून थोडे मीठ घालतो. मूळ प्रश्नकर्त्याची शंका इतक्या सहजी निकालात काढण्यासारखी नाही, असे माझे मत आहे.

मघाताईंचे १.५७ हे गुणोत्तर कोठून आले? घनता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, या गृहीतकातून. उतार थोडा तीव्र किंवा थोडा मंद असेल तर ते गुणोत्तर बदलते, आणि गोलावरून दंडगोलावर जाणारा पूल डळमळतो. हा उतार आपल्याला कसा कळतो? अनेक शोधनिबंधांत तो याच दोन काट्यांची तुलना करून, गॅमा १ आहे असे धरून काढलेला असतो. स्लोन या आकाश-सर्वेक्षणातून सापडलेल्या डझनावारी भिंग-दीर्घिकांवर (मागचा प्रकाश भिंगासारखा वाकवणाऱ्या दीर्घिकांवर) २००६ पासून जे काम झाले, त्यात उताराचे मूल्य सरासरीने २ च्या जवळ आले आणि ते फार गाजले. समीकरण एक आणि अज्ञाते दोन. उतार माहीत असेल तर गॅमा मिळेल, गॅमा माहीत असेल तर उतार मिळेल. दोन्ही एकदम मिळाल्याचा दावा कोणी केला, तर मी माझे पाकीट आधी चाचपून पाहीन.

त्याच भिंगांवरून गॅमाही काढला गेला आहे. २००६ साली १५ भिंगांवरून ०.९८ आला, अनिश्चितता ०.०७, २०१० साली ५३ भिंगांवरून १.०१ आला, अनिश्चितता ०.०५. म्हणजे २०१८ च्या आकड्यापेक्षा हे आकडे कागदावर अधिक नेमके दिसतात. पण त्यांत दूरच्या दीर्घिकांची घडण जवळच्या दीर्घिकांसारखीच असते, असे मानून घेतलेले होते. स्लोन सर्वेक्षणात दीर्घिकेचा प्रकाश वर्णपटमापकाकडे नेणाऱ्या प्रकाशतंतूचा व्यास आकाशावर ३ विकला, आणि दीर्घिका इतक्या दूर की सगळा गाभा त्या एका तंतूत मावतो. प्रत्येकीमागे हाती आला तो सिग्माचा एकच आकडा. एका आकड्यावरून घडण कशी ठरवणार?

दुसरी अडचण कक्षांची. रेषेचा पसरटपणा आपल्याला फक्त दृष्टिरेषेच्या दिशेतले वेग सांगतो. दीर्घिकेतले तारे केंद्राकडे झेपावून परत बाहेर जाणाऱ्या लांबट कक्षांत असतील, तर केंद्राजवळ सिग्मा फुगलेला दिसतो आणि बाहेर आक्रसलेला. कक्षा वर्तुळाकार असतील तर उलट. म्हणजे वस्तुमान तेच असताना, केवळ कक्षांच्या ठेवणीमुळे आकडा बदलतो.

तिसरी अडचण भिंगाची. दीर्घिकेच्या सभोवार वस्तुमानाचा एकसारखा पातळ थर पसरलेला असेल, तर वलयाच्या आकारात त्याचा वाटा मिसळून जातो, आणि प्रतिमांच्या ठेवणीवरून तो वेगळा काढता येत नाही. ईएसओ ३२५-जी००४ एकटी नाही. ती एबल एस०७४० या दीर्घिकासमूहातली मुख्य दीर्घिका आहे. समूहाचे वस्तुमान कोणाच्या खात्यावर मांडायचे?

नवनिरीक्षक

तिरकस यांनी माझ्या मनातले अधिक नेटकेपणाने मांडले, त्याबद्दल आभार. यात मी आणखी एक भर घालतो. दीर्घिकेचे अंतर आपल्याला विश्वाच्या प्रसरणाच्या दरावरून कळते, आणि त्या दराविषयीच सध्या वाद चालू आहे, असे वारंवार वाचनात येते. अंतर चुकले तर विकलांचे प्रकाशवर्षांत केलेले रूपांतर चुकणार, आणि वस्तुमानही चुकणार. मग ०.०९ इतकी अचूकता कशी साधली?

मघा

आधी अंतराचे घेते, कारण त्याचे उत्तर सुंदर आहे.

ताऱ्यांवरून मिळणारे वस्तुमान सिग्माचा वर्ग गुणिले त्रिज्या या प्रमाणात असते, आणि त्रिज्या म्हणजे मोजलेला कोन गुणिले अंतर. अंतर दहा टक्क्यांनी वाढवले तर हे वस्तुमान दहा टक्क्यांनी वाढेल. भिंगावरून मिळणारे वस्तुमान कोनाचा वर्ग गुणिले अंतर या प्रमाणात असते. तेही दहा टक्क्यांनीच वाढेल. दोन वस्तुमानांचे गुणोत्तर घेतले की अंतर गळून पडते. इतकेच नव्हे, तर गुरुत्वीय स्थिरांकही दोन्हीकडे सारखाच येत असल्यामुळे तोही गळतो. म्हणून मला व्यक्तिशः या प्रयोगाला "वस्तुमान मोजणे" म्हणणेच थोडे दिशाभूल करणारे वाटते. अखेरीस जे शिल्लक राहते ते असे: वलयाचा कोन बरोबर (१ + गॅमा)/२, गुणिले १२.५७, गुणिले सिग्मा भागिले प्रकाशवेग याचा वर्ग, गुणिले अंतरांचे एक गुणोत्तर. एका बाजूला कोन आहे, दुसऱ्या बाजूला वेगांचे गुणोत्तर. किलोग्रॅम कोठेच नाहीत. (हे सूत्र वर्गाच्या व्यस्त प्रमाणातल्या साध्या घनतेसाठी आहे, प्रत्यक्ष अभ्यासातले प्रतिमान अधिक तपशीलवार असते, पण तर्क हाच.)

उरलेले अंतरांचे गुणोत्तर म्हणजे भिंगापासून मागच्या दीर्घिकेपर्यंतचे अंतर भागिले आपल्यापासून मागच्या दीर्घिकेपर्यंतचे अंतर. भिंग इतके जवळ आणि मागची दीर्घिका इतकी दूर असल्यामुळे ते सुमारे ०.९७ आहे. प्रसरणाचा दर या गुणोत्तरातूनही गळतो. विश्वातील द्रव्याच्या प्रमाणाविषयी मतभेद असले तरी आकडा १ पासून फारसा हलू शकत नाही.

आता तिरकस यांच्या मुद्द्यांकडे. त्यांचे आक्षेप दूरच्या भिंगांच्या बाबतीत मला पूर्णपणे मान्य आहेत. ईएसओ ३२५-जी००४ ची निवड झाली ती नेमकी याच कारणासाठी. ताम्रसृती ०.०३५, म्हणजे स्लोनच्या बहुतेक भिंगांपेक्षा कित्येक पटींनी जवळ. म्हणून वलयाच्या आत आणि बाहेर, केंद्रापासून वेगवेगळ्या अंतरांवर सिग्मा स्वतंत्रपणे मोजता येतो. घनतेचा उतार मग भिंगाकडून उसना घ्यावा लागत नाही; तो ताऱ्यांच्या नकाशातून येतो. अज्ञाते दोन असली तरी समीकरणेही एकापेक्षा अधिक झाली. कक्षांच्या ठेवणीचा आक्षेप नकाशामुळे सौम्य होतो, नाहीसा होत नाही. लांबट कक्षा आणि जास्तीचे वस्तुमान यांच्या खुणा नकाशावर अगदी सारख्या पडत नाहीत, शिवाय वर्णरेषेच्या नुसत्या रुंदीऐवजी तिचा संपूर्ण आकार पाहिला तर कक्षांविषयी आणखी काही कळते. समूहाच्या वस्तुमानाबद्दल मात्र वाद घालणार नाही. वलय दीर्घिकेच्या गाभ्यात असल्यामुळे त्या पातळ थराचा वाटा तेथे लहान राहतो, एवढेच म्हणता येईल.

माझ्या मते खरी डोकेदुखी वेगळीच आहे: सिग्मा काढताना कोणत्या ताऱ्यांचे वर्णपट नमुना म्हणून वापरायचे? रेषेचा पसरटपणा मोजायचा तर न पसरलेली रेषा कशी होती हे आधी माहीत असावे लागते, आणि ते आपल्या आकाशगंगेतल्या ताऱ्यांवरून ठरवतात. नमुना बदलला की सिग्मा एखाद्या टक्क्याने इकडे-तिकडे होतो. सूत्रात सिग्माचा वर्ग असल्यामुळे एका टक्क्याची चूक (१ + गॅमा) मध्ये दोन टक्के होते, आणि (१ + गॅमा) हे स्वतः २ च्या जवळ असल्यामुळे गॅमामध्ये ०.०४. याचा अर्थ ०.०९ ही सगळी अनिश्चितता सिग्मातील जेमतेम सव्वादोन टक्क्यांत संपते.

तिरकस

मान्य. उतार ताऱ्यांच्या नकाशातून येत असेल तर पाकीट खिशात परत ठेवतो. पण मग एक प्रश्न माझाही. सूर्यमालेत कॅसिनी यानाच्या रेडिओ संदेशांवरून २००३ साली गॅमा १ असल्याचे काही लाखांशांच्या अचूकतेने दाखवून झाले आहे. तेथे पाचव्या दशांशस्थळापर्यंत पोहोचल्यावर येथे नऊ टक्क्यांसाठी एवढी यातायात कशाला?

पुनर्वसू

कारण प्रश्न अचूकतेचा नाही, अंतराचा आहे. शनीकडे निघालेल्या यानाचा संदेश सूर्याजवळून गेला, त्या प्रयोगातली लांबी सूर्यमालेएवढी होती. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे हे १९९८ साली लक्षात आल्यापासून, कृष्णऊर्जेऐवजी (हा वेग वाढवणारी म्हणून मानलेल्या अज्ञात ऊर्जेऐवजी) गुरुत्वाकर्षणाचा नियमच मोठ्या अंतरांवर बदलत असावा, असे सुचवणारे अनेक सिद्धांत पुढे आले. त्यांची रचनाच अशी असते की सूर्यमालेसारख्या जागी बदल झाकला जातो आणि दूरवर तो उघडा पडतो. अशा सिद्धांतांना कॅसिनीचा पाचवा दशांश काहीच करू शकत नाही. सहा-सात हजार प्रकाशवर्षांच्या अंतरावर घेतलेले नऊ टक्क्यांचे मोजमाप मात्र त्यांना सांगते की, बदल झाकण्याचे काम निदान येथपर्यंत तरी चालू राहिले पाहिजे. जे सिद्धांत याहून लहान अंतरावर गॅमा लक्षणीय बदलतो असे म्हणत होते, ते बाद झाले. जे याहून मोठ्या अंतराची भाषा करतात, ते अजून शिल्लक आहेत. व्यापक सापेक्षता सिद्धांत "सिद्ध झाला" अशा मथळ्यांबद्दल मात्र माझीही मूळ प्रश्नकर्त्यासारखीच नाराजी आहे.

या दोन काट्यांचा इतिहासही थोडक्यात सांगण्याजोगा आहे. ताऱ्याने ताऱ्याचा प्रकाश वाकवून वलय तयार होईल, पण ते दिसण्याची फारशी आशा नाही, असे आइनस्टाइननेच १९३६ साली लिहिले होते. पुढच्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी याने भिंग म्हणून ताऱ्यांऐवजी दीर्घिका पाहाव्यात असे सुचवले. विशेष म्हणजे दीर्घिकांच्या वस्तुमानावरील त्याच्या १९३७ च्या एकाच निबंधात वेगांवरून वस्तुमान काढण्याची पद्धत आणि गुरुत्वीय भिंगाची पद्धत या दोहोंची चर्चा आहे. प्रत्यक्षात पहिले भिंग सापडायला १९७९ साल उजाडले. तो एकाच क्वेसारच्या, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याच्या, दोन प्रतिमांचा प्रकार होता. त्या जोडप्रतिमेची भिंग-प्रतिमाने तयार करणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डी. नरसिंह, के. सुब्रमण्यन आणि शशिकुमार चित्रे हेही होते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

तिरकस यांच्या "एक समीकरण, दोन अज्ञाते" या मुद्द्याला एक ताजे उदाहरण जोडतो. कॉस्मिक हॉर्सशू, म्हणजे घोड्याच्या नालाच्या आकाराचे जे प्रसिद्ध भिंग आहे, त्याच्या केंद्रातील कृष्णविवराचे वस्तुमान २०२५ साली भिंग आणि ताऱ्यांचे वेग एकत्र वापरून काढण्यात आले, आणि ते सुमारे ३,६०० कोटी सूर्यांएवढे भरले. तेथे गॅमा १ धरलेला आहे आणि वस्तुमान शोधलेले आहे. काटे तेच, पण कशाला खरे मानायचे आणि कशाला तपासायचे हे उलट. निबंध वाचताना कोणती बाजू गृहीत धरली आहे हे आधी पाहावे, म्हणजे चक्रात सापडण्याचे भय राहत नाही.

नवनिरीक्षक

सर्वांचे मनापासून आभार. मघाताईंचे सूत्र घेऊन काल रात्री वहीवर गणित मांडले. अंतरांचे गुणोत्तर ०.९७३ घेतले आणि एका रेडियनमध्ये २,०६,२६५ विकला हे लक्षात ठेवून गॅमा १ धरला. सिग्मा ३२० असेल तर वलयाची त्रिज्या २.८७ विकला येते, ३२५ ला २.९६ आणि ३३० ला ३.०६. मोजलेली त्रिज्या २.९५ आहे.

मग उलट करून पाहिले. त्रिज्या २.९५ वर पक्की ठेवली आणि गॅमा मोकळा सोडला. सिग्मा ३२० घेतल्यास गॅमा १.०५ येतो, ३३० घेतल्यास ०.९३. सेकंदाला दहा किलोमीटरचा फरक, म्हणजे मघाताईंच्या मॅग्नेशियमच्या रेषेत ०.०२ नॅनोमीटरही नाही, आणि तेवढ्याने गॅमा १ च्या या बाजूचा त्या बाजूला गेला. काट्यांच्या वजनांवर मी घेतलेला संशय मागे घेतो. नमुन्याच्या ताऱ्यांवरचा मात्र ठेवतो.